भूगोलाचे सर आणि दुसरा मजला

चहा हातात आहे ना सगळ्यांच्या? मग ऐका. आणि हसायचं असेल तर आत्ताच थोडं हसून घ्या, कारण शेवटी तुम्ही इतके हसणार आहात की मला राग येईल. आमच्या घरी हा किस्सा माझी बायको सुनंदा सांगते. ती सांगायला लागली की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. आज ती नाहीये, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकावा.

मी भूगोलाचा शिक्षक. म्हणजे होतो. डोंबिवलीत अख्खी हयात फळ्यावर नकाशे काढण्यात गेली. रिटायर झाल्यावर आमच्या भागातल्या काही उत्साही म्हाताऱ्यांनी एक मंडळ काढलं. महिन्यातून एकदा कुठेतरी जायचं, पण नुसती सहल नाही हं! शिकायला जायचं. कधी ठाण्याच्या खाडीवर पक्षी ओळखायला, कधी विणकराचा माग बघायला. या वयात पुन्हा विद्यार्थी व्हायची मजा काय असते, ते साठी उलटल्याशिवाय कळत नाही.

तर त्या महिन्यात विषय होता ‘जुनं कल्याण’. सकाळी दुर्गाडी किल्ला आणि खाडी, त्यानंतर एका जुन्या कुटुंबात गप्पा. घर कसं चालायचं, सणाला काय रांधायचे, माणसं कुठून येऊन इथली झाली, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. आणि वाट दाखवायला कोण? मीच! कारण कल्याण ही माझी सासुरवाडी.

यात माझा एक स्वार्थ होता. हिवाळ्यात मंडळाची मोठी सहल बदामीला जाणार होती आणि तिचं पुढारपण एकतर मला मिळणार होतं, नाहीतर कुलकर्ण्यांना. कुलकर्णी बँकेतले. कुठेही जाताना फोन तळहातावर धरून, तो म्हणेल तिकडे वळणारा माणूस. अशा माणसाच्या मागे मी, भूगोलाचा सर, चालणार? शक्य तरी आहे का!

सुनंदा सकाळीच पुढे गेली होती. ज्यांच्याकडे जायचं होतं त्या घरी वडे तळायला मदत करणार होती. निघताना ती मला सगळं समजावून सांगत होती. ‘अहो, ऐकताय ना? आमच्याच बिल्डिंगमध्ये बरं का...’ पुढेही काहीतरी म्हणाली. मी आरशासमोर खाडीवरच्या भाषणाची तयारी करत होतो. म्हटलं, ‘हं, हं.’

खाडीवर माझं भाषण झकास झालं. गलबतं, बंदर, सातवाहन, सगळं. कांबळे मॅडमनी तर टाळ्या वाजवल्या. मॅडम सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या, शिस्तीच्या, आणि दिसेल ते वहीत टिपून घेणाऱ्या. मी अशा तोऱ्यात निघालो की विचारू नका. पारनाक्याच्या गल्लीत शिरलो आणि पाय आपोआप चालायला लागले.

तुम्हाला सांगतो, त्या गल्लीत मी फार वर्षांनी गेलो होतो. सासरे गेले, मेहुण्यानं जागा विकली, मग जाणंच राहिलं. पण बिल्डिंग तीच! जिन्याचा कठडा तोच, हाताला गार लागणारा. दिवाळसणाला याच जिन्यावर सासरे कंदील घेऊन उभे होते, जावई अंधारात पडू नये म्हणून. माझे डोळे भरून आले हो. आणि डोळे भरलेला माणूस मजले मोजत नाही.

दुसऱ्या मजल्यावर मी वळलो.

‘सर,’ मागून कुलकर्णी धापा टाकत म्हणाले, ‘मेसेजमध्ये तिसरा मजला लिहिलाय.’

‘कुलकर्णी, ही माझी सासुरवाडी आहे!’

विषय संपला. शिवाय एक मजला वाचला म्हणून बाकीचे गुडघेही माझ्याच बाजूने होते.

दार उघडंच. उंबऱ्याबाहेर रांगोळी. इस्त्रीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ दारातच उभे.

‘या, या! वाटच बघत होतो. डोंबिवलीहून यायला त्रास नाही ना झाला?’

मी वळून कुलकर्ण्यांकडे असं काही पाहिलं!

आमची पलटण आत शिरायला लागली. शिरतेय, शिरतेय, संपेचना. गृहस्थांचा चेहरा जरा पडला. आतून एक बाई डोकावल्या आणि कुजबुजल्या, ‘अहो, एवढे?’ मग कुणीतरी धावत वरच्या मजल्यावर जाऊन बशा मागून आणल्या. हे लक्षात ठेवा, बशा वरून आल्या.

मी खिडकीखालच्या खुर्चीत बसलो. तीच खिडकी! हिच्याच खाली बसून मी सुनंदाला पाहिलं होतं. पाहिलं कसलं, मी पोह्यांकडेच बघत होतो. एकच प्रश्न विचारला होता, ‘तुम्हाला भूगोल आवडतो का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ मला तो खरेपणा इतका आवडला की मी आणखी एक बशी मागितली.

तेवढ्यात पोहे आले. बरोबर एक मुलगी आली. साडी नीट नेसलेली, चेहरा मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये बसवल्यासारखा. मला वाटलं, घरची लेक असेल. वाकून नमस्कार करायला लागली. आजकालच्या मुली कुठे करतात! मी भरभरून आशीर्वाद दिला.

आणि आमचा अभ्यास सुरू झाला.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ कुलकर्ण्यांनी विचारलं.

‘आम्ही रोह्याकडचे. पण कल्याणात आता तिसरी पिढी.’

‘घरात स्वयंपाक कोण करतं?’ कांबळे मॅडम, पेन उघडून.

‘सगळं हीच करते!’ मुलीच्या आई म्हणाल्या. ‘पुरणपोळी, मोदक, सगळं.’

‘आई, प्लीज,’ मुलगी म्हणाली. ‘काकू, मला वरणभात येतो. आणि मॅगी.’

कांबळे मॅडमनी ‘मॅगी’ लिहून घेतलं. आईंचा चेहरा पांढरा.

‘आम्हाला जरा स्वयंपाकघर बघता येईल का?’ आणखी कुणीतरी विचारलं. ‘डबे वगैरे कसे लावता ते?’

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं, पण ‘या ना’ म्हणाले. आमची निम्मी पलटण आत जाऊन डबे उघडून बघायला लागली. बाकीची निम्मी न्हाणीघर बघायला गेली. कुणी काही बोललं का? अजिबात नाही! माणसं इतकी साधी, इतकी अगत्याची, की मला कल्याणचा अभिमान वाटायला लागला.

मी मुलीला विचारलं, ‘बाळ, तुझा पुढे काय विचार आहे?’

तिनं मान वर केली. ‘आधीच क्लिअर सांगते हं काका. मी जॉब सोडणार नाही.’

‘मुळीच सोडू नकोस! का म्हणून सोडायचा?’

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी बघतच राहिली. मग अशी काही हसली की खोलीच बदलली.

गृहस्थांना धीर आला. पुढे सरकून त्यांनी हळूच विचारलं, ‘आणि मुलगा? मुलगा नाही आला?’

किती आपुलकीनं माझ्या घरची चौकशी करताहेत बघा! मी म्हटलं, ‘तो कॅनडात असतो ना.’

‘कॅनडात? आम्हाला तर ठाण्यात नोकरीला सांगितलं होतं!’

‘छे हो, दहा वर्षं झाली. मोठा नातू आता शाळेत जातो.’

आईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

‘नातू?’ गृहस्थ उभेच राहिले. ‘लग्न झालंय मुलाचं?’

‘म्हणजे काय! दोन मुलं आहेत त्याला.’

‘आणि हे तुम्ही आम्हाला आत्ता सांगताय?’

आणि नेमकी त्याच वेळी, म्हणजे त्यांच्या नशिबानं की माझ्या ते तुम्हीच ठरवा, दारात चार माणसं उभी राहिली. एक जोडपं, एक आत्या वाटणाऱ्या बाई आणि पेढ्यांचा पुडा धरलेला एक तरुण.

‘नमस्कार. डोंबिवलीहून आलोय. जरा उशीर झाला.’ मुलाच्या वडिलांनी आमच्या हातांतल्या बशा पाहिल्या. ‘आमच्याआधी दुसरं स्थळ बोलावलं होतंत का?’

तेव्हा! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण फार उशिरा. मुलीचे वडील घामाघूम, आईंचे डोळे भरलेले, आत्याबाई पेढे परत पिशवीत ठेवताहेत. एका मुलीचं जमू पाहणारं लग्न मी पोह्यांबरोबर खाऊन बसलो होतो. मला खरंच भीती वाटली.

मी उभा राहिलो. वर्गात राहायचो तसा. आणि आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं ते वाक्य बोललो.

‘माझा रस्ता चुकला.’

मग सगळं सांगितलं. मंडळ, सहल, तिसरा मजला, कुलकर्ण्यांचा मेसेज. स्वयंपाकघरातून हातात डबा घेऊन बाहेर आलेल्या मंडळींकडे बोट दाखवून म्हटलं, ‘हे स्थळ नाही हो. हा माझा वर्ग आहे.’

आधी मुलगी फुटली. पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग तो पेढेवाला तरुण. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि थांबेनात.

‘प्रश्न सगळे विचारून झालेत ना, सर?’ त्यानं विचारलं. ‘म्हणजे आमचा त्रास वाचला.’

‘वाचून दाखवू का?’ कांबळे मॅडमनी वही उघडली. ‘नोकरी सोडणार नाही. मॅगी येते. वरणभात येतो.’

‘आईशप्पथ, मला तर वरणभातपण येत नाही!’ तो म्हणाला. आत्याबाईंनी पेढे पुन्हा बाहेर काढले.

आता वर या. वर सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी, वडे गार, आणि यजमानीण कोण? कुसुमताई! सुनंदाची बालमैत्रीण, सासऱ्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी. लग्नानंतर ठाण्याला टेंभी नाक्यावर गेलेली, आता आईवडिलांच्या जागेत परत आलेली.

‘खालच्यांनी पाहुण्यांसाठी बशा मागितल्या म्हणून दिल्या,’ कुसुमताई म्हणाल्या. ‘मला काय माहीत, पाहुणे माझेच आहेत!’

मी खजील होऊन म्हटलं, ‘माफ करा हो. पहिल्यांदाच चुकलो मी.’

दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि ज्या हसायला लागल्या!

‘सांगू का गं आता?’ कुसुमताई म्हणाल्या.

‘सांग बाई. सासूबाई होत्या तोवर शपथ होती.’

‘सर, तुम्ही मुलगी बघायला या बिल्डिंगमध्ये आलात ना, ते मला बघायला आला होतात. आम्ही वर ताटकळत बसलेलो. शेवटी बाबा खाली येऊन बघतात तर तुम्ही हिच्याकडे दुसरी बशी मागताय!’

मी मनातल्या मनात जिन्याचे मजले मोजायला लागलो.

‘आमच्या बाबांना वाटलं, कुणीतरी स्थळ सुचवून पाठवलंय. आडनाव निघालं तेव्हाच तुमच्या आईंच्या लक्षात आलं,’ सुनंदा म्हणाली. ‘पण मी त्यांना आवडले होते. त्यांनी आमच्या बाबांना, कुसुमच्या बाबांना, सगळ्यांना हात जोडले. म्हणाल्या, पोराला कळू देऊ नका हो. नुकतीच भूगोलाची नोकरी लागलीय, शाळेत समजलं तर काढून टाकतील.’

‘मला वाईट नाही वाटलं हं,’ कुसुमताईंनी माझ्यापुढे गार वडा ठेवला. ‘मलाही भूगोल आवडायचा नाही.’

बदामीला पुढे कुलकर्णी चालले, फोन तळहातावर धरून. मी सगळ्यांच्या मागे, सुनंदाबरोबर. लेण्यांच्या पायऱ्यांवर टेकलो होतो. मला आई आठवली, सासऱ्यांचा कंदील आठवला, ती खिडकी आठवली. चुकून का होईना, किती चांगल्या दारात गेलो होतो मी! मन भरून आलं. तिचा हात हातात घेऊन म्हटलं, ‘सुनंदा, त्या दिवशी मी बरोबर घरी गेलो असतो तर गं?’

सुनंदानं माझ्याकडे नीट पाहिलं.

‘तुम्ही?’ ती म्हणाली. ‘आणि बरोबर घरी?’