मानमोडीच्या आधी जन्मलेले सगळे रिटायर

"आमच्या ताटातला घास कुणीतरी पळवतंय, आणि पळवणाऱ्याचे केस पांढरे झालेत!"

हे वाक्य माझं. आरोप कुणावर, ते मी बोललो नाही. नाव घेतलं की भांडण होतं, नाही घेतलं की टाळ्या पडतात. मलाही पडल्या. आणि मित्रांनो, कपबशी जरा खाली ठेवा, नाहीतर सांडाल, त्या टाळ्यांनीच माझा घात केला!

गेल्या कार्तिकातली गोष्ट. मेडशीपासून दोन कोसांवर आमचं गाव. वाशीमच्या कॉलेजातून बी.ए. होऊन मी घरी बसलेलो. कुठेही अर्ज करा, उत्तर एकच: जागा नाही. का नाही? तर जागेवर माणूस बसलाय! आणि त्यात हवा अशी की सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ होणार. म्हणजे हे उठता उठता पुन्हा बसणार! कुणाचंही रक्त उसळेल की नाही? माझं तर याहून कमी कारणावरही उसळतं.

आणीबाणी नुकतीच उठलेली. ज्याच्या तोंडात जीभ होती तो सभा घेत होता. मीही घेतली, आमच्या पारावर.

"अठ्ठावन्न झाले की उठायचं! मानानं पेन्शन घ्यायची आणि बसून खायचं! पेन्शन हा उपकार नाही, जन्मभर राबल्याचा हक्क आहे! आणि हा नियम नुसत्या कचेरीपुरता नको. कोणत्याही कामाला लागू झाला पाहिजे!"

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं हो. भरात आलं. भर वाईट!

आता बघा, आमच्या गावात सरकारी नोकर म्हणजे शाळेचे गुरुजी, तेवढेच. तेही तिशीतले. मग या भाषणाला टाळ्या वाजवणार कोण? पण वाजल्या, आणि त्याही मागून, जिथे म्हातारी माणसं बसतात तिथून. माझा ऊर भरून आला. म्हटलं, काय ही जुनी पिढी! केवढा हा त्याग!

तेवढ्यात गोदामाय उठली. गोदामाय म्हणजे वरच्या आळीतली म्हातारी. नवरा गेल्यावर एकटीनं वावर सांभाळून पोरांचे संसार उभे केलेली. तिच्यापुढे अख्ख्या गावात कुणी आवाज चढवत नाही.

"बापू, कोनतंबी काम मनला तू?"

"कोणतंही, माय!"

"अन् बसून खाची पेन्शन? हक्कानं?"

"हक्कानं!"

"मंग घे ठराव. पाहू दे आमाले, कोन कोन हात वर करते."

मी ठराव मांडला. मागच्या म्हाताऱ्यांचे हात आधी वर गेले. तरण्या पोरांना वाटलं आपल्या नोकरीचं काहीतरी आहे, त्यांनीही केले. ठराव एकमतानं मंजूर! त्या संध्याकाळी मी रस्त्यानं चालत नव्हतो, तरंगत होतो.

सकाळी उठलो तर बाबा बाजेवर आडवे. ऊन अंगणात आलेलं, आणि माझे बाबा आडवे! जन्मात असं पाहिलं नव्हतं.

"बाबा, बरं नाही का?"

"काहून? मस्त हाओ."

"मग वावरात नाही गेलात?"

"रिटायर झालो ना म्या." त्यांनी कूस बदलली. "तुयाच ठरावानं. हातबी वर केला होता, पाह्यलं नाई?"

मला आधी हसू आलं. मग वावर आठवलं, आणि हसू जागच्या जागी वाळलं. ज्वारीच्या कणसात दाणा भरला होता. कापणी आठवड्यावर. हेच दिवस राघूंचे थवे उतरण्याचे. राखण चुकली तर वर्षभराची भाकर पाखरांच्या पोटात. तरणी माणसं या दिवसांत कापूस वेचायला जातात. राखण करतात ती म्हातारी माणसं, उजाडायच्या आत माळ्यावर चढून, हातात गोफण घेऊन. आमच्याकडे जमीन आहेच किती? ती ज्वारी गेली तर पुढच्या कार्तिकापर्यंत खायचं काय, भाषण?

"बाबा, तुम्हाला अठ्ठावन्न झाले कशावरून?" वकिली मुद्दा काढला मी.

"गोदामायनं हिशेब लावला. मानमोडीच्या आंधी जो जन्मला तो रिटायर. म्या मानमोडीत रांगत होतो."

मानमोडी म्हणजे ती तापाची जुनी साथ, जिनं घरंच्या घरं रिकामी केली होती. आमच्याकडे कुणाला जन्मतारीख माहीत नसते, पण मानमोडीत आपण कुठे होतो हे प्रत्येकाला माहीत असतं. गोदामायचा नियम बिनतोड होता. गंमत एवढीच की तासाभरात गावातले निम्मे बाप्ये मानमोडीच्या आधी जन्मले! पन्नाशीही न गाठलेला एक काका छातीवर हात मारून म्हणाला, "मले आठवते ना ते साथ!" गोदामायनं त्याला तिथूनच पिटाळला. "जाय बे! तुया बारशाच्या घुगऱ्या म्या खाल्ल्या हाये!"

पारावर गेलो तर काय सांगू! अख्खी म्हातारी पिढी सतरंजीवर बसलेली, पानतंबाखू चाललेला, हसणं-खिदळणं चाललेलं. आणि सतरंजीच्या मधोमध, गोदामायच्या बाजूला, माझे बाबा!

हे तुम्हाला कदाचित साधं वाटेल. आमची वस्ती विहाराकडची. धम्म घेऊन वीस वर्षं झाली, पण पारावर आमची म्हातारी माणसं अजून कडेला, उकिडवी बसायची. सतरंजीवर बोलवायचं कुणाला सुचत नव्हतं. मी कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. त्यानं सतरंजी तसूभर हलली नव्हती. आणि इथे गोदामाय माझ्या बापाच्या चंचीतला चुना मागून घेत होती! "किसनभाऊ, संपावर बसाचं तं सरकून बसा, जागा कमी हाये." बस्, एवढंच बोलली. ना भाषण, ना ठराव. मला त्या म्हातारीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

पण ठेवणार कसं? मागून आरडाओरड सुरू झाली होती.

म्हाताऱ्या बाया रिटायर झाल्या म्हणजे नातवंडं सांभाळणारं कुणी उरलं नाही. गोदामायची थोरली सून तरातरा आली आणि तिनं पोर माझ्या हातात कोंबलं.

"हे घ्या भाऊजी! म्या कापूस वेचाले चालली. सासूबाईले तुमी रिटायर केलं, आता तुमीच पाहा याचं!"

"अहो वहिनी, मी तर सरकारी..."

"सरकारले सांगा त्याचं दुपटं बदलाले!"

ते पोर घेऊन मी आमच्या वावरात गेलो. करता काय? माळ्यावर चढलो. पोराला पाठीशी बांधलं, गोफण फिरवली. पहिला दगड मागे गेला. दुसरा वर गेला आणि खाली येईपर्यंत मी जीव मुठीत धरून उभा. राघूंनी एकदा मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागले. मग मी माझ्या हुकमी हत्याराकडे वळलो. ओरडलो! "चालते व्हा! हे शोषण आहे!" थवा शांतपणे ऐकत राहिला. असा श्रोता मला आजवर लाभला नाही. फक्त जेवत ऐकत होता, इतकंच.

दुपार टळेतोवर कडेची कणसं कुरतडून साफ. असे दोन दिवस गेले तर आमचं घर उपाशी. धावतच पारावर गेलो.

"गोदामाय, पाया पडतो, हे थांबवा. अहो, तो नियम नोकरीवाल्यांसाठी!"

"काहून? नोकरीवाल्याचीच कंबर दुखते? आमची लाकडाची हाये?"

"पण त्यांचं वय झालं की त्यांच्या जागी तरुण येतात..."

"हाव ना! आमीबी तेच मनून राह्यलो." तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "आमी उठाले तयार हाओ. चार्ज कोनाले द्याचा, ते सांग! तू घेतला होता ना सकाळी? पाखरं जेवून गेले मनते!"

अख्खा पार हसला. माझे बाबा सगळ्यात मोठ्यानं.

"बरं, तुमच्या मागण्या तरी काय?" मी हताश होऊन विचारलं.

मला वाटलं होतं, आता पैशांचं येईल. पण मित्रांनो, ऐका. म्हाताऱ्यांनी एकेक करून मागितलेली पेन्शन ऐका. भाकर गरम पाहिजे, पोरं जेवून उठल्यावरची नको. डोळ्यात मोतीबिंदू आलाय, वाशीमच्या दवाखान्यात कुणीतरी संगं चला. बैल विकायच्या आधी इचारा. 'तुमाले काय समजते' हे बोलणं बंद. एक आजोबा कितीतरी वेळ मान खाली घालून बसले होते, ते म्हणाले, "सांजच्याले कोनी दोन घटका जवळ बसाव. बोल्लं नाई तरी चालन."

मी निवृत्तीवर इतकं वाचलं होतं, इतकं बोललो होतो. पेन्शन म्हणजे काय, हे मला त्या सतरंजीवर कळलं.

"अन् आठवड्यातून एक सुटी," गोदामाय म्हणाली. "कचेरीवाल्याले भेटते तशी. इतवारची."

मी गावभर फिरलो. पोरांना, सुनांना जमवलं. जो तो मला शिव्या देत पारावर आला. मला उभं केलं आणि म्हणाले, तूच बसवले, तूच उठव! आणि मग मी, निवृत्तीचं वय वाढवण्याचा कट्टर विरोधक, हात जोडून आयुष्यातलं सगळ्यात कळवळून केलेलं भाषण ठोकलं:

"साठ करा! सत्तर करा! वयाची अटच नको! म्हाताऱ्या माणसांशिवाय हे गाव एक दिवस चालत नाही! पाया पडतो, पण उठा आणि कामाला लागा!"

आणि नेमका तेव्हाच मागून ओळखीचा आवाज आला, "अरे?"

वाशीमहून माझा कॉलेजातला दोस्त आला होता. एम.ए., माझ्यासारखाच बेकार. माझ्या कालच्या सभेची कीर्ती सकाळीच बाजारात ऐकून, वयवाढीविरोधी मोर्चाचं ठरवायला, एस.टी.नं मेडशीला उतरून चालत आलेला. धुळीनं माखलेला. मी सत्तर-सत्तर ओरडत असताना तो तोंड उघडं टाकून उभा होता.

त्याला समजावायला वेळ नव्हता. सुनांनी मागण्या कबूल केल्या, पोरांनी कबूल केल्या. गोदामायनं पदर खोचला आणि संप मोडला. माझ्या खांद्यावरची गोफण घेऊन बाबा तसेच वावराकडे निघाले. थोड्या वेळानं शिवाराकडून सट्ट असा आवाज आला आणि अख्खा हिरवा थवा आकाशात उडाला. वाचलो!

"थांबा," गोदामाय वळली. "इतवारच्या सुटीचं राह्यलं. त्या दिवशी आमचा चार्ज कोनाकडं?"

सगळं गाव विचारात पडलं. मग सगळ्या गावानं एकदम माझ्याकडे पाहिलं.

"हा रिकामाच हाये की," थोरली सून म्हणाली, आणि तो ठराव माझ्या हाताशिवाय एकमतानं मंजूर झाला. तेव्हापासून दर रविवारी गावाची नातवंडं आणि गावाची पाखरं माझ्याकडे. गोफण आता पुढे जाते. बहुतेक वेळा. आणि सरकारी नोकरांनी अठ्ठावन्नला उठावं, हे मी अजूनही म्हणतो. फक्त आवाज जरा खाली आलाय, कारण कडेवरचं पोर जागं होतं.

पण त्या दिवशी मात्र मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. दोस्ताला आता काय तोंड दाखवू? हा मोर्चा काढायला आला, आणि मी इथे पाठीशी पोर बांधून उभा! म्हटलं, आता हा मला गद्दार म्हणणार. तो जवळ आला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला,

"का रे, तुमच्याकडे अजून एखादी जागा रिकामी आहे का?"