अंगठ्याखालची खूण

मोठ्या दुकानात बिस्किटांचा स्टॉल सांभाळणाऱ्या मावशींचं खरं काम आठ तास उभं राहणं. बोलणं हे त्यातलं वरकाम. पाकिटावर ‘साखर जास्त’ अशी काळी खूण छापायचा नियम आला, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी त्यांची तासभर शिकवणी घेतली. पाकीट असं धरायचं, की अंगठा बरोबर खुणेवर. मावशींनी आयुष्यात पुष्कळ गोष्टींवर पांघरूण घातलं होतं, त्यात ही अंगठ्याएवढी एक. पण पाठोपाठ ‘चरबी जास्त’ आली, मग ‘मीठ जास्त’. तिन्ही झाकायला गेलं की मावशी पाकिटाची दुखरी दाढ दाबून धरल्यासारख्या दिसत.

गिऱ्हाईकं खुणा बघत आणि चटका बसल्यासारखं पाकीट खाली ठेवत. चवीसाठी ठेवलेले ताटलीतले तुकडे मात्र सगळे खात, कारण तुकड्यावर काही छापलेलं नसतं.

“घरी नको हो मावशी, मुलं आहेत,” असं म्हणत एक बाई तिसरा तुकडा उचलत.

शेवटी सुपरवायझरने सांगून टाकलं, “शनिवारी चाळीस पाकिटं गेली तर स्टॉल राहील, नाहीतर बंद.” मावशींची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आणखी सहा महिने पायांनी साथ द्यावी, मग घरी बसावं, एवढाच त्यांचा बेत.

शनिवारी पाच वाजता ड्रायव्हरकाका आले. बस चालवून निवृत्त झालेले, रोज एक तुकडा खाऊन चार गप्पा मारणारे. घरी सून प्रत्येक पाकीट पोलिसाने लायसन्स बघावं तशी उलटंपालटं करून वाचते, ही त्यांची कायमची तक्रार.

“किती कमी पडतायत?”

“अकरा.”

“दे अकरा.”

“काका, पायाच्या जखमेचं डॉक्टर काय म्हणाले?”

“भरत नाही म्हणाले. शुगर. तू पिशवी भर.”

“आणि सूनबाई?”

“घरी नेतोय कोण? बागेत बसून खाईन. आठवडा निघेल.”

खोटं कशाला बोला, मावशींनी अकरा पाकिटं पिशवीत भरलीसुद्धा. हात आपले आपण चालले. पिशवी पुढे करताना त्यांची नजर काकांच्या पायाकडे गेली. चपलेच्या पट्ट्याखाली बँडेज, त्याला पिवळट डाग.

त्यांनी पिशवी परत ओढली आणि एक पाकीट काढून काकांच्या समोर धरलं. अंगठा बाजूला.

“हे वाचा आधी.”

“जन्मभर पाट्या वाचतच गाडी चालवली मी. पाटी दिसली की वेग कमी करायचा, गाडी बंद नाही करायची.”

“एकापुढे एक तीन पाट्या लागल्या, तर पुढे रस्ता नसतो काका.”

“अगं, तुझ्यासाठीच घेतोय ना.”

“म्हणूनच देत नाही.”

काका रागावले. तुकड्याला हात न लावता, लंगडत निघून गेले. मावशींनी अकराच्या अकरा पाकिटं पुन्हा मांडली. पाठ भरून आली होती.

सात वाजता सुपरवायझर आला. “किती?”

“एकोणतीस.”

“अकरांना कोणी गिऱ्हाईक मिळालं नाही?”

“मिळालं होतं. मी दिली नाहीत.”

दिवसभर उभं राहून त्याचाही चेहरा उतरला होता, आणि वर कुणालातरी उत्तर द्यायचं होतंच. “सोमवारपासून वरच्या मजल्यावर जा. फरशी पुसायच्या लिक्विडपाशी. लोकांना वास द्यायचा.”

“तिथे टेकायला भिंत आहे?”

“बघावं लागेल.”

मावशींनी ताटली धुतली, पदर खोचला आणि जिना चढून बघून आल्या. भिंत नव्हती.