शिसं उंबऱ्याबाहेर

आमचे हे मकरपुऱ्याला बॅटऱ्यांच्या कारखान्यात शिशाच्या प्लेटी जोडतात. संध्याकाळी तरसालीच्या आमच्या गल्लीत स्कूटरचा हॉर्न वाजला की आमची अडीच वर्षांची पोरगी अनवाणी धावायची आणि त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारायची. मग कामाच्या शर्टाच्या खिशातून चॉकलेट निघायचं, दुपारच्या चहाच्या सुट्टीत घेतलेलं, खिशात पार मऊ झालेलं. मी आपली कौतुकाने बघत उभी. कपाळ माझं!

पोरगी जेवेना, सारखी किरकिर करू लागली, तेव्हा तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वडील काय काम करतात ते त्यांनी विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. औषध लागेल इतकं नव्हतं. पण कारखान्यातली धूळ घरात येत राहिली तर वाढेल, आणि या वयात ते मुलाच्या बुद्धीवर जातं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी तो खिसा उलटा केला. शिवणीत राखाडी भुकटी बसली होती.

यांना सांगितलं तर छाती पुढे. सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, हे आमच्याकडे रोज चहाबरोबर वाढलं जातं. म्हणाले, "अगं, आमच्या माणसांनी शिशाच्या गोळ्या झेलल्यात. धुळीला काय भ्यायचं?"

"झेलल्या असतील. पोरीला चाटवल्या नव्हत्या."

मला वाईट वाटलं, पण बोलले ते बरंच केलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं राज्य सुरू. मागच्या दाराने यायचं, बूट बाहेर, कपडे वेगळ्या बादलीत, डोक्यावरून आंघोळ, आणि तोवर पोरीला हात लावायचा नाही. कारखान्यात मावो बंद. तंबाखू-सुपारी तळहातावर चोळून तोंडात टाकायची ही इकडची हौस. शिशाच्या हातांनी ती केली की शिसंच खाल्लं म्हणायचं. सेव-उसळसुद्धा हात साबणाने घासल्याशिवाय नाही. घरात मी झाडू बंद केला आणि ओल्या फडक्याने पुसायला लागले, कारण झाडल्याने धूळ नुसती उडते. एकदा हे टॉवेल गुंडाळून मागच्या ओट्यावर कुडकुडत उभे असलेले शेजारच्या गुजराती बेननी पाहिले. मी नवऱ्याला घराबाहेर काढलंय असं ठरवून त्या समजूत घालायला ढोकळा घेऊन आल्या. यांनी तो ओल्या डोक्यानेच संपवला.

पोरीला आवरणं मात्र जिवावर यायचं. हॉर्न वाजला की मी तिला कडेवर दाबून धरायची, ती हातपाय झाडायची आणि हे न्हाणीघरातून तिला हाका मारायचे. "बाबा लांब, बाबाला हात नाही," असं मी तिला रोज पढवत होते. आधी माझा आवाज चढायचा, मग तिचा, मग यांचा.

शेवटी यांनीच वैतागून कारखान्यातलं बंद पडलेलं न्हाणीघर साहेबांकडून उघडून घेतलं. त्यात रिकामी पिंपं रचून ठेवली होती. आता सगळी टोळी तिथेच न्हाऊन, कपडे बदलून, भांग पाडून घरी निघते, वरातीला निघाल्यासारखी.

परवा पोरीचा दुसरा रिपोर्ट आला. शिसं उतरलं होतं. यांना लगेच फोन लावून सांगितलं. संध्याकाळी हे धुतलेला शर्ट घालून पुढच्या दाराने आले, उंबऱ्याशीच गुडघे टेकून बसले आणि हात पसरले.

पोरगी जागची हलली नाही.

"ये ना गं, बाबा आंघोळ करून आलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी जा म्हटलं तरी जाईना. यांचे हात तसेच पसरलेले. मला ते बघवेना. मीच तिला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. बसली शहाण्यासारखी. दोन्ही हात मात्र वर धरून, बाबाच्या शर्टाला लागू नयेत म्हणून.