हिरव्या शाईच्या मावशी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींइतका शिस्तीचा माणूस भारत सरकारला पुन्हा मिळणार नाही, आणि असे आणखी चार मिळाले तर सरकार बंद पडेल. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर आणि त्या दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. एका मंत्रालयात त्या सेक्शन ऑफिसर होत्या. ऑफिसात हिरव्या शाईने लिहायचा मान फक्त मोठ्या साहेबांना असतो, म्हणून घरी मावशी सगळं हिरव्याच शाईत लिहायच्या. दुधाच्या पिशवीवर तारीख, लोणच्याच्या बरणीवर 'विषय: लिंबू, गोड', गॅसच्या नळीवर 'बदलण्याचे प्रस्तावित'. आईने वाटीभर आमटी वर पाठवली की वाटी स्वच्छ धुऊन परत यायची आणि आत घडी घातलेली चिठ्ठी असायची: 'पाहिली. मीठ कमी. पुढील वेळी विचार व्हावा.' खाली सही, तारीख. बाबा स्वतः केंद्र सरकारात आहेत, तरी तेही हात टेकायचे. "अगं, ही शेजारीण आहे की ऑडिट पार्टी?" ते आईला विचारायचे. आई मात्र पुढच्या आमटीत मीठ नीट घालायची, आणि 'समाधानकारक' असा शेरा आला की ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवायची.

माझ्यावरही त्यांनी एकदा शेरा मारला होता. मी अकरावीत होते. इंग्रजी शाळेत सगळ्या वर्गासमोर बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मुलं हसली. मी घरी येऊन खोलीत शिरले ती चार दिवस शाळेत गेले नाही, आणि का ते कोणाला सांगितलंही नाही. पाचव्या दिवशी दाराखालून चिठ्ठी सरकली. हिरव्या शाईत दोनच शब्द: 'कृपया बोलावे.' फायलीतलं काही उमगलं नाही, किंवा ते कागदावर नको असलं, की साहेब लोक असं लिहितात, आणि मग खालच्या माणसाने समोर जाऊन सांगायचं असतं. मी अठरा पायऱ्या चढून वर गेले. मावशींनी चहा दिला आणि स्वतः फाइल उघडून बसल्या. दुसऱ्या तासाला मी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. प्रकरण बंद. उद्या शाळेत जा, टिफिनला थालीपीठ देते." त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा तरी ती चिठ्ठी यायची, आणि नेमकी तेव्हाच यायची जेव्हा मला काहीतरी सांगायचं असायचं. हे त्यांना कसं कळायचं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या दोन गोष्टी मात्र आम्हा कुणालाच उमगत नसत. एक म्हणजे तंबू. करोल बागेत गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानात त्यांनी तो घेतला होता, निळा, दोन माणसांचा. दर हिवाळ्यात त्या तो गच्चीवर उभारायच्या, आत बसून एक संत्रं खायच्या आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायच्या. "मावशी, हा कशाला?" असं विचारलं की म्हणायच्या, "योग्य वेळी कळवण्यात येईल." दुसरी गोष्ट त्यांचं गाव. सरकारी नोकरीला लागताना फॉर्ममध्ये होम टाउन लिहावं लागतं, मग तिथे जायला सरकार अधूनमधून सवलत देतं. मावशी जन्मल्या करोल बागेत, वाढल्या करोल बागेत. तेवीस वर्षांच्या असताना तो रकाना समोर आला तेव्हा त्यांनी वडिलांना विचारलं, आणि वडिलांनी आपल्या आजोबांनी सोडलेल्या कोकणातल्या एका बंदराचं नाव सांगितलं. वडिलांनीही ते पाहिलेलं नव्हतं. मावशींनी लिहून टाकलं, आणि पुढे सदतीस वर्षं त्या तिकडे फिरकल्या नाहीत. भारतात कुठेही जायच्या दुसऱ्या सवलतीवर अंदमान झालं, शिलाँग झालं, पण होम टाउन नाही. कारण विचारलं तर हसून विषय बदलायच्या. एकदाच म्हणाल्या, "गेले आणि तिथे कोणी ओळखच दाखवली नाही, तर? सर्व्हिस बुकात मी खोटं लिहिलं असं होईल ना गं."

मी नोकरीला लागले त्या वर्षी हिवाळा संपता संपता शुक्रवार आणि सोमवार अशा दोन्ही सुट्ट्या आल्या. गुरुवारी संध्याकाळी मी मानेसरच्या ऑफिसातून कंपनीच्या बसने दमून घरी आले, तर मावशी आमच्या सोफ्यावर तंबू मांडीवर घेऊन बसलेल्या. "कपडे भर," त्या मला म्हणाल्या. "पहाटेची गाडी आहे निजामुद्दीनहून. तुझंही तिकीट काढलंय." ज्या बाई भाजी आणायच्या आधी यादीचा मसुदा करत, त्यांनी सकाळी ऑफिसात बसून, कोणालाही न विचारता, हजार मैलांची तत्काळ तिकिटं काढली होती. बाबांना वाटलं मावशींना बरं नाहीये. आईने हळूच विचारलं तेव्हा कळलं. तीन महिन्यांनी मावशी निवृत्त होणार होत्या, मग क्वार्टर सोडावं लागणार होतं. पेन्शनचे कागद भरून झाले होते, फक्त 'निवृत्तीनंतरचा पत्ता' हा एक रकाना महिनाभर रिकामा होता. मंगळवारी फॉर्म द्यायचाच होता. गाझियाबादचा भाऊ म्हणत होता, "ये ना यार ताई, आमचा एनक्लोज्ड बाल्कनीचा रूम आहे." "बाल्कनीत राहायला मी काय कुंडी आहे?" मावशी म्हणाल्या. "एकदा बघून येते. गाव असेल तर गाव लिहीन, नसेल तर बाल्कनी."

"पण तंबू कशाला? लॉज असेल की तिकडे," बाबा म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चुकीची फाइल पुढे केली होती. "स्वतःच्या गावात कोणी लॉजवर उतरतं का? घर नाही, म्हणून तंबू. बिल्कुल साधी गोष्ट आहे." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हिला नेते, कारण ही वाटेत डोकं खाणार नाही."

सत्तावीस तास गाडीत मी खरंच डोकं खाल्लं नाही. मावशी मात्र तालीम करत होत्या. गावात कोणी विचारलंच तर उत्तर तयार हवं म्हणून त्यांनी पणजोबांचं नाव, आडनाव, गाव सोडल्याचं अंदाजे साल अशी एक टिप्पणी तयार केली होती, आणि ती त्या खिडकीकडे बघत पुटपुटत होत्या. समोरच्या बर्थवरच्या सरदारजींना वाटलं देवाचा पाठ चालू आहे. त्यांनी आदराने पाय आखडून घेतले. शनिवारी सकाळी स्टेशनवर उतरून, दोन एसट्या बदलून आम्ही त्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहायला मावशींनी मला मनाई केली आहे, गर्दी होईल म्हणून. तिथे एक पोस्ट, एक खाडी, दोन किराणा दुकानं आणि जिथे कोंबड्या फिरतात असा एक एसटी स्टँड आहे. गर्दीची भीती मला फारशी वाटत नाही.

तंबू त्यांनी वाळूवर अगदी पाण्याजवळ उभारला, 'समुद्राभिमुख'. मी दिल्लीत वाढलेली, भरती-ओहोटी हे शब्द मला पुस्तकातच भेटलेले. मावशींना ते शब्द चांगले येत होते, पण वेळापत्रक माहीत नव्हतं. चारच्या सुमारास पाणी तंबूत आलं. आम्ही तंबू उचलून मागे नेला. पाणी तिथेही आलं. "हा समुद्र परवानगी मागत नाही," मावशी साडी कमरेला खोचून म्हणाल्या, आणि मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा आम्ही वर उंच झाडांच्या बनात गेलो. त्या झाडांना मी मनात ख्रिसमस ट्री म्हणत होते. ती सुरूची झाडं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण ते सांगणारी बाई तेव्हा भेटली.

सकाळी मी तंबूचं तोंड उघडलं तर समोर एक म्हातारी, हातात खराटा, सुरूच्या पडलेल्या काड्या गोळा करत आलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, नजर तंबूवर. मावशी माझ्यामागून बाहेर आल्या. "कोण गो तुम्ही? कोणाकडे आलात?" आजींनी विचारलं.

सदतीस वर्षं ज्या प्रश्नाला मावशी भीत होत्या, तो हाच. टिप्पणी तोंडपाठ होती. पण मावशींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या माझ्याकडे बघू लागल्या. तो चेहरा मी ओळखते, अकरावीत सगळ्या वर्गासमोर तो माझ्याकडे होता. या वेळी मी बोलले.

"आजी, या कोणाकडे नाही आल्या. यांचं गाव हेच आहे. म्हणजे कागदावर आहे. सदतीस वर्षं."

"मग एवढे दिवस कुठे होतात?"

"ऑफिसात," मावशी म्हणाल्या.

आजी खराट्यावर रेलून हसायला लागल्या. मग मी मावशींच्या पणजोबांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आजींनी डोळे मिटून आठवलं, आणि मान हलवली. "नाय गो. असं नाव नाय ऐकलं. असतील, किती जण मुंबईस गेले नि तिकडचेच झाले." मावशींचा चेहरा उतरला. त्या वाकून तंबूचे खुंट काढायला लागल्या. गाझियाबादची बाल्कनी मला तिथे, त्या वाळूत स्पष्ट दिसली.

"अहो बाई, ते काय करताय?" आजी म्हणाल्या. "मी नव्हतं ऐकलं. आता ऐकलं ना? उद्या कोणी विचारलं तर सांगेन मी, आहे एक आमच्यातली, दिल्लीस असते. नि आपल्या गावात तंबूत कोण झोपतो? माझ्या घराला तीन खोल्या आहेत, दोन कुलपात. चला, भाकरी गरम आहे."

मावशी हातात खुंट घेऊन उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मला उगाचच ओरडल्या, "बघतेस काय? घडी घाल त्या तंबूची!"

मंगळवारी ऑफिसला जाताना त्या आमच्या दारात थांबल्या. फॉर्मच्या त्या रकान्यात हिरव्या शाईत पत्ता होता: आजींच्या मार्फत, सुरूच्या बनामागे, आणि पुढे ते बंदर. "हिरवी शाई चालेल का?" बाबांनी विचारलं. "परत पाठवू देत," मावशी म्हणाल्या. "पुन्हा भरीन. आता पत्ता पाठ आहे."

आता वर नवं कुटुंब आलंय. त्यांच्याकडून वाट्या कोऱ्याच परत येतात, आणि आई म्हणते की आमटीची चव तिची तिला कळेनाशी झाली आहे. जाताना मावशींनी तंबू मला दिला आणि मिळाल्याची सही घेतली. फोनला तिकडे रेंज नसते, निदान त्या तसं सांगतात, म्हणून पत्रं येतात. परवाच्या कार्डावर लिहिलं होतं: 'समुद्र नियमित. आजी अनियमित. कुळथाची पिठी समाधानकारक.' आणि अगदी खाली, वेगळ्या ओळीवर: 'कृपया बोलावे.'

मला सांगायचं आहेच काहीतरी. त्यांना ते इतक्या लांबून कसं कळलं, हे मी आताही विचारणार नाही. पूर्वी हा शेरा आला की अठरा पायऱ्या चढायच्या असायच्या, आता सत्तावीस तासांची गाडी आणि दोन एसट्या. जोडून सुट्ट्या सात आठवड्यांनी आहेत. तिकीट काढलंय. एवढ्या वाटेत माझं पहिलं वाक्य जुळून होईल.