कोर्टात सांगाल?

पपईवर बोटाने टकटक करून काकू विचारायच्या, "गोड आहे म्हणता. कोर्टात सांगाल?" क्लेमेंटीच्या बाजारातला फळवाला हसून तिथल्या इंग्रजीत म्हणायचा, "कोर्ट ऑल्सो कॅन, लाह," म्हणजे कोर्टातही सांगेन. मग त्या पपई घ्यायच्या. तो नुसताच हसला, तर केळी.

ऑफिस घरी आणणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. काकू सरकारी वकील होत्या. ग्राहकांना फसवणाऱ्या दुकानांना कोर्टात खेचून थांबवणं हे त्यांचं काम. मी त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहणारी विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुरुवातीला त्यांच्याशी काय बोलावं तेच सुचायचं नाही. एकदा धीर करून म्हटलं, "बाबा म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"बरोबर आहे त्यांचं," भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्यांच्या वतीने मी चढते."

शेजारी एक चिनी आजी एकट्याच राहायच्या. सगळे त्यांना आ-मा म्हणत. आमच्या ब्लॉकखाली गरम होणाऱ्या गाद्यांचं एक दुकान आलं. तिथे सकाळी म्हाताऱ्यांना गाद्यांवर बसवून फुकट अंडी वाटायचे. दुकानातली पोरं आ-मांना "आई" म्हणायची. गादीने साखर उतरते, गोळ्या कशाला, असं त्यांनी सांगितलं. आ-मांनी गादी घेतली आणि मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. पायाला एक जखम होती, ती काळी पडू लागली.

मला वाटलं, आता काकू त्या दुकानाला सोडणार नाहीत. त्यांनी भलतंच केलं. बाई माझ्या शेजारच्या, हा खटला मी चालवणं योग्य नाही, असं ऑफिसात कळवलं आणि प्रकरण सहकाऱ्याच्या हाती दिलं. स्वतः फक्त आ-मांना दवाखान्यात घेऊन गेल्या. पाय राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

मी चिडले. "साक्ष द्या, असं तुम्हीच का सांगत नाही त्यांना?"

"मी पढवलं, तर ती साक्ष माझी होईल. त्यांची नाही."

आ-मा तर साक्षीचं नावच काढू देत नव्हत्या. त्यांच्या तुटक इंग्रजीत त्या काकूंना तोंडावर म्हणाल्या, "चांगली मुलं आहेत. रोज विचारतात, जेवलीस का. दुसरं कोण विचारतं?"

 

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आल्यावर त्या आधी शेजारचं दार वाजवू लागल्या. "आ-मा, जेवलात?" "जेवले." 'कोर्टात सांगाल?' हा त्यापुढचा नेहमीचा प्रश्न मात्र त्या गिळून टाकायच्या. खटला संपेपर्यंत तो प्रश्न त्यांनी आ-मांना एकदाही विचारला नाही. मला तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं.

मग एकदा पायाला पट्टी बांधून आ-मा त्या दुकानात गेल्या. पोरांनी पायाकडे पाहिलं आणि ही गादी लहान पडते, मोठी घ्या, असं सांगितलं. जेवलीस का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. वर येऊन आ-मा आमच्या दारात उभ्या राहिल्या. "मी सांगते."

"मला नको," काकू म्हणाल्या. "माझा सहकारी येईल, त्याला सांगा. आठवतं तेवढंच."

कोर्टाने दुकानाला असे दावे करायला मनाई केली. पुढे दुकानच बंद झालं. आ-मांच्या पायाचं एक बोट गेलं, पाय राहिला. निकालाच्या संध्याकाळी काकूंनी दार वाजवलं. "जेवलात?" "जेवले." "कोर्टात सांगाल?"

आ-मा म्हणाल्या, "आधीच सांगून आले, लाह."

काकू निवृत्त होऊन पुण्याला आईजवळ गेल्या. फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब आहे; मी माझ्या त्याच खोलीत. हे सगळं मला नीट सांगता आलं की नाही, कुणास ठाऊक. परवा परीक्षा देऊन परतले, तर आ-मा काठी टेकून आपल्या दारात उभ्या होत्या.

"जेवलीस?"

"जेवले," मी म्हटलं. दिवसभरात फक्त बिस्किटं खाल्ली होती.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कोर्ट ऑल्सो कॅन?"

मी चपला काढल्या आणि आत गेले.