कमलबाईंचा सत्कार

मानवतच्या काशीनाथराव पेडगावकरांकडे स्त्री-पुरुष समानता आणि विकास या विषयाची पदव्युत्तर पदविका होती, तीही थेट हॉलंडची. त्यांच्या आधी जिल्ह्यात या विषयावर जे बोलत ते नुसतंच बोलत. काशीनाथराव आधी पदविका दाखवत, ती हातोहात फिरून परत येईपर्यंत थांबत आणि मग बोलत.

माणूस मोठा गोड. उंची बेताची, पोट होतकरू, आवाज देवळात बोलल्यासारखा. दोष एकच, पण तो जन्माचा: त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. पहिलं वाक्य 'बघू', दुसरं 'बरं', आणि तिसऱ्याची वेळ येत नसे. खेड्यावर गेले की घरोघरचा चहा पिऊन संध्याकाळी हाश्शहुश्श करत परतत. 'नको म्हणायचं की हो,' असं त्यांची बायको प्रभावती म्हणे. 'म्हणणारच होतो,' असं हे म्हणत.

ते नोकरी करत त्या गोदाकाठ ग्रामसेवा मंडळाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी वाटण्यासाठी झाला होता. दुष्काळ गेला, मंडळ राहिलं. बालवाड्या, शिवणवर्ग, बचतीच्या भिशा असा पसारा वाढला. त्यावर चिटणीस दत्तोपंतांची नजर असे. दत्तोपंत निवृत्त मुख्याध्यापक. कचेरीच्या भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी त्यांनी एक यादी काचेत लावून ठेवली होती, सेवाज्येष्ठतेची. उदबत्ती दोघांना मिळून एकच.

यादीत एक नंबरला काशीनाथराव आणि दोन नंबरला कमलबाई. दोघांत अंतर नऊ दिवसांचं. नेमणुकीची पत्रं एकाच दिवशी निघाली होती, पण कमलबाईंच्या सासऱ्याने हो म्हणायला नऊ दिवस घेतले.

कमलबाई मूळच्या शेतकरी घरातल्या. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा साप चावून गेला. सासरी राहून, भाकऱ्या थापून उरलेल्या वेळात त्यांनी बाहेरून परीक्षा देत एम. ए. गाठलं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. मंडळातल्या बहुतेकांना त्या आठवड्यात ताप आला होता. काशीनाथरावांना तर खराच आला होता, भीतीने. कमलबाई बैलगाडीत ज्वारीची पोती आणि भांडी घालून एकट्या वस्तीवर जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं, 'काशीनाथभाऊ, ताप उतरला का?' त्यात टोमणा नव्हता. असता तर काशीनाथरावांना बरं वाटलं असतं.

शहाऐंशी साली हॉलंडच्या त्या शिक्षणसंस्थेचं पत्र आलं. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, सगळा खर्च त्यांचा, वयाची अट चाळीस, महिलांना प्राधान्य. मंडळाने एक नाव पाठवायचं.

दत्तोपंतांनी पत्र वाचलं आणि मान वळवून यादीकडे पाहिलं.

'काशीनाथ, तयारीला लाग.'

'पण महिलांना प्राधान्य आहे ना,' काशीनाथराव म्हणाले.

'प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे. उद्या यादी मोडली तर शिपायापर्यंत सगळे माझ्या डोक्यावर बसतील. आणि बाईमाणूस एकटं दहा महिने परमुलखात? काय कमलबाई?'

कमलबाई बालवाडीचे तक्ते गुंडाळत होत्या. 'माझ्या जाण्याला घरून हरकत नाही,' त्या म्हणाल्या. 'सासरे आता थकले. ते काही म्हणत नाहीत.'

'बघा, म्हणत नाहीत म्हणजे मनात आहे,' दत्तोपंत म्हणाले. 'काशीनाथ?'

आयुष्यात एकदा नाही म्हणायची वेळ आलीच असेल तर ती ही. काशीनाथरावांनी तोंड उघडलं. 'बघू,' ते म्हणाले. उद्या सकाळी नक्की नाही म्हणायचं असं ठरवून ते घरी गेले, तर दत्तोपंतांचा निरोप त्यांच्या आधी पोचला होता आणि प्रभावतीने आळीत पेढे वाटून टाकले होते. वाटलेले पेढे परत मागणारा माणूस अजून परभणी जिल्ह्यात जन्मलेला नाही.

अर्जात एक प्रश्न होता: तुमच्या भागातल्या एखाद्या स्त्रीच्या एका दिवसाचं वर्णन करा. काशीनाथरावांनी लिहिलं, 'स्त्री पहाटे उठते आणि कामाला लागते.' यानंतर दोन दिवस त्यांना काही सुचलं नाही. शेवटी कमलबाईंनीच चार पानं लिहून दिली. त्यांच्या ओळखीच्या बायनाबाईचा दिवस होता तो. काशीनाथरावांनी शब्दकोश घेऊन त्याचं इंग्रजी केलं. एक वाक्य करताना त्यांचा हात थांबला. 'कापूस वेचायच्या दिवसांत बायनाबाई दुपारनंतर पाणी पीत नाही, कारण वेचलेल्या रानात आडोसा नसतो आणि बांधावर मालक बसलेला असतो.' अशा रानांच्या बांधावरून काशीनाथराव चौदा वर्षं हिंडत होते. तहान लागली की विहिरीवर जात होते.

हॉलंडात त्यांच्या वर्गात एकवीस जण. त्यात पुरुष दोन, हे आणि टांझानियाचा एक धिप्पाड मास्तर. बाकी केनिया, फिलिपिन्स, श्रीलंका कुठून कुठून आलेल्या बाया. तिथे ज्याने त्याने आपलं ताट घासायचं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांचं रांधायचं. काशीनाथरावांनी घरून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापली. ती तव्यापर्यंत पोचेना. त्यांनी प्रभावतीला लिहिलं, 'भाकरी हे अत्यंत कौशल्याचं काम आहे, हे मला इथे समजलं.' प्रभावतीने पत्र शेजारणींना वाचून दाखवलं आणि म्हणाली, 'एवढं कळायला विमानाने जावं लागलं बघा.'

पण माणूस खरोखर शिकला. रात्री जागून वाचलं, वर्गात लाजत लाजत प्रश्न विचारले. एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या अर्जांतले उतारे वाचून दाखवले आणि त्यात पाण्याचं ते वाक्य आलं. केनियाची बाई डोळे पुसायला लागली. बाईंनी विचारलं, 'एका पुरुषाला हे कसं कळलं? तिने तुम्हाला सांगितलं?'

एकवीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. काशीनाथरावांनी मान हलवली. ती हो अशी हलली.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये ते परतले आणि जिल्ह्याला एक वक्ता मिळाला. बायका कौतुकाने ऐकत. धुरपताबाई नावाची बोरीची म्हातारी एकदा म्हणाली, 'भाऊ लय झ्याक बोलायलेत, पर आता नळाची येळ झाली.' आणि सभा उठली. घरी त्यांनी आपलं ताट घासायला घेतलं तर प्रभावतीने ते हातातून ओढून घेतलं. 'आत घासा. अंगणात शेजारचे बघतील.'

मंडळात त्यांनी एक सुधारणा मात्र खरीच केली. बायकांच्या नावाने आलेली पत्रं दत्तोपंत आधी फोडून वाचत, काळजीपोटी. काशीनाथरावांनी ते बंद करवलं. 'दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, मग ते बाईचं का असेना,' असं त्यांनी चक्क दत्तोपंतांना ऐकवलं.

आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी दुसरी गोष्ट केली. हॉलंडहून पुन्हा पत्र आलं तेव्हा मंडळाच्या बैठकीत उभं राहून म्हणाले, 'या वेळी कमलबाईंचं नाव जाईल. अठ्ठ्याऐंशीची ही शेवटची संधी आहे. पुढच्या वर्षी त्यांची चाळिशी उलटते.' दत्तोपंतांनी यादीकडे पाहिलं. एक नंबर जाऊन आला होता, म्हणजे आता दोन नंबर. यादी मोडत नव्हती. त्यांनी दस्तखत केलं.

कमलबाईंनी अर्ज भरला. संक्रांतीनंतर त्या रोज कचेरीत आल्या की विचारत, 'भाऊ, काही टपाल?'

फेब्रुवारीच्या शेवटी पाकीट आलं. कमलबाई त्या दिवशी खेड्यावर होत्या. पाकीट जाडजूड होतं, आणि नकाराचं पाकीट पातळ असतं एवढं काशीनाथराव हॉलंडात शिकले होते. त्यांना इतका आनंद झाला की ते कचेरीत उभ्याउभ्या एक गिरकी घेऊन गेले. पाकीट त्यांनी फोडलं नाही. दुसऱ्याचं पत्र ते. पण लगेच देऊनही टाकलं नाही.

कारण आपल्याकडे चांगली बातमी अशी नुसती देत नाहीत. तिला मांडव लागतो, सतरंजी लागते, शाल आणि नारळ लागतो. आठ मार्चला बोरीला महिला दिनाचा कार्यक्रम होता. शंभर बायकांसमोर, टाळ्यांच्या गजरात ते पाकीट कमलबाईंच्या हाती द्यायचं, असं काशीनाथरावांनी ठरवलं. ज्या बाईला कुणी हळदीकुंकवालाही बोलवत नाही, तिला शाल घालायची. शाल त्यांनी स्वतः परभणीला जाऊन निवडली, जांभळी. पाकीट टेबलाच्या खणात ठेवून किल्ली जानव्याला बांधली.

कमलबाई रोज विचारत होत्या, 'काही टपाल?'

'येईल की,' काशीनाथराव म्हणत आणि हसू लपवायला फाइलीत डोकं घालत.

सातला निरोप आला की प्रमुख पाहुण्यांच्या साडूकडे लग्न निघालं आहे, कार्यक्रम रविवारी, तेराला घ्यावा. पाहुण्यांशिवाय सत्कार म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. 'बरं,' काशीनाथराव म्हणाले.

तेराला बोरीत मांडव भरला. भाषणं झाली. मग काशीनाथरावांनी बातमी सांगितली, शाल घातली, नारळ दिला आणि त्यावर ते पाकीट ठेवलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. धुरपताबाई मोठ्याने म्हणाली, 'आमची कमळ इलायतेला चालली गं.' कमलबाईंचा चेहरा, प्रभावतीने नंतर सांगितलं, सोळा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. त्यांनी तिथेच पाकीट उघडलं. वाचलं. कागद घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, 'तुमचे लय उपकार झाले.' मग खाली बसल्या.

परतीच्या एस.टी.त शाल मांडीवर नीट घडी करून ठेवलेली होती. परभणी जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, 'भाऊ, हे पाकीट कधी आलं?'

'झाले पंधरा दिवस. तुम्हाला गंमत द्यायची म्हणून दडवून ठेवलं होतं. का?'

'काही नाही. दहा तारखेपर्यंत येते म्हणून तार करायची होती. नाही केली तर जागा दुसऱ्याला.'

काशीनाथरावांनी बोटं मोजली. मोजण्यासारखं काही नव्हतं.

'आज तेरा,' ते म्हणाले.

'हो. आज तेरा.'

परभणीला गाडी थांबायच्या आत ते उतरले आणि आपलं होतकरू पोट सांभाळत तारघराकडे धावत सुटले. तारेत त्यांनी लिहिलं की बाई येत आहेत, उशीर झाला तो माझ्यामुळे, बाईंचा काही दोष नाही. महिनाअखेर उत्तर आलं. जागा दिली गेली होती. बाईंनी पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करावा, असं प्रेमाने लिहिलं होतं. पाकीट पातळ होतं.

कमलबाई त्या दिवशी नेहमीच्या वेळेला आल्या, बालवाडीच्या हजेऱ्या तपासल्या, नेहमीच्या वेळेला गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त टपाल विचारणं बंद झालं. दोन शब्द त्यांनी खडसावून बोलावेत म्हणून काशीनाथराव मुद्दाम त्यांच्या टेबलापुढून फिरत राहत. शेवटी ते काम प्रभावतीने केलं. 'त्यांना जायचं होतं,' ती म्हणाली, 'आणि तुम्हाला सत्कार करायचा होता.'

पुढे काशीनाथरावांना एक खोड लागली. मंडळातल्या कुठल्याही बाईच्या नावाने टपाल आलं की सायकल काढून ते उन्हातान्हात तिच्या गावी नेऊन द्यायचे, मग ती लग्नपत्रिका का असेना. लोक हसायचे. व्याख्यानं कमी झाली. नव्वद साली हॉलंडहून एक छापील पुस्तक आलं. त्याच्या पहिल्याच पानावर पाण्याचं ते वाक्य होतं आणि खाली नाव: के. पेडगावकर, भारत. त्यांनी पुस्तक त्याच खणात टाकलं आणि किल्ली पुन्हा जानव्याला बांधली.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला रेडिओने विद्यापीठाच्या नव्या नावाची बातमी सांगितली. चौकात पोलिसांची गाडी उभी होती. काशीनाथराव बराच वेळ रेडिओपुढे बसून राहिले. सोळा वर्षं लागली, माणसं गेली, पण एका नावाचं काम झालं. मग ते उठले, कचेरीत गेले, खण उघडला आणि संध्याकाळी पुस्तक आणि तिळगुळाची पुडी घेऊन कमलबाईंच्या दारात उभे राहिले. शेजारच्या घरात हळदीकुंकू चाललं होतं. कमलबाई आपल्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

काशीनाथरावांनी पहिलं पान उघडून दिलं. आपलं नाव त्यांनी पेनाने खोडलं होतं आणि त्याजागी 'कमलबाई आणि बायनाबाई' असं लिहिलं होतं. तिथल्या वर्गात आपली मान कशी हलली तेही सांगितलं, सगळं, खाली बघून.

कमलबाईंनी चष्मा लावून वाक्य वाचलं.

'बायना परवा भेटली होती,' त्या म्हणाल्या. 'अजून पीत नाही दुपारनंतर.'

त्यांनी पुस्तक मिटून तांदळाच्या सुपाशेजारी ठेवलं. काशीनाथरावांनी पुडी पुढे केली. 'तिळगूळ घ्या,' ते म्हणाले. पुढचं त्यांच्या तोंडून निघेना.

'गोड बोला, असंच ना?' कमलबाई म्हणाल्या. 'म्हणून तर सहा वर्षं काही बोलले नाही, भाऊ.'

त्यांनी तिळगुळाचा एक खडा तोंडात टाकला आणि उठल्या. 'बसा. चहा टाकते.'

'नको,' काशीनाथराव म्हणाले. 'आज नको. नाही.'

कमलबाई दारात थांबल्या.

'येतं की तुम्हाला नाही म्हणायला,' त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दोघांचा चहा टाकला.