हवामामूचा काटा

आमच्या मोटारीवर आलेल्या नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी घरातल्या बायकांची वजनं विचारली. ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, चहा पीत होते. त्यांची बशी ओठांपाशी पोचली होती, ती तिथेच राहिली. आत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी या घरची धाकटी सून, दाराआड उभी होते. परक्या पुरुषाने बायकांची नावं विचारलेलीही आमच्याकडे खपत नसे. हा बाबा वजनं विचारत होता.

"चाकात हवा भरायची हाय, मालक," तो शांतपणे म्हणाला. "कोण कोण बसणार, कोण किती जड, हे कळल्याबिगर किती पौंड भरू?"

मामंजींनी त्याला त्याच दिवशी हाकलला असता, पण जालन्यात तेव्हा चांगला ड्रायव्हर मिळणं मुश्कील होतं. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. जुन्या जालन्यात आमची धान्याची आडत होती, शेती शहागडकडे, आणि मोटार औरंगाबादहून घेतलेली जुनी, मागच्या काचांना हिरवे पडदे लावलेली. हा माणूस लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवून आला होता. सगळे त्याला मामू म्हणत. 'हवा' आम्ही बायकांनी पुढे जोडलं, अर्थात त्याच्या माघारी.

दुसरे लोक खिशात विड्या ठेवतात, तिथे मामू हवेचं पितळी माप ठेवायचा. ऊन चढायच्या आत चारही चाकांना ते लावून बघायचा, मग पंपावर वाकायचा. रिकाम्या गाडीला किती, भरल्या गाडीला मागे किती जास्त, हे त्याचं ठरलेलं. "हवा सकाळची खरी," तो म्हणायचा. "दुपारी माप जास्ती दाखवतं ती उन्हाची हवा. ती आपली न्हाई, तिला हात लावायचा न्हाई." मामंजींना हे सगळं थोतांड वाटे. मापावर अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस, सकाळ काय आणि दुपार काय, असं त्यांचं गणित होतं.

हे गणित शहागडला सुटलं. ऐन वैशाखात सगळे शेतावर गेलो होतो. परत निघताना मामू पाणी आणायला गेला, तेवढ्यात मामंजींनी गाडीत राहिलेल्या त्याच्या कोटाच्या खिशातून माप काढून चाकांना लावलं. तेहतीस दाखवत होतं. हा माणूस जास्तीची हवा भरतो म्हणजे काय, असं म्हणत त्यांनी स्वतः खाली बसून चारही चाकांची हवा सोडली आणि अठ्ठावीसवर आणली. मामू परत आला, त्याने एका चाकाला हात लावला आणि तो उभाच राहिला. "मालक, चाक उपाशी राह्यलं आता. उपाशी चाक जास्ती तापतं," एवढंच बोलला. मामंजी म्हणाले, चल. अंबडच्या अलीकडे मागचं चाक असं फुटलं की गाडी रस्ता सोडून बाभळीपर्यंत गेली. माझी दोन वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर होती. कुणाला काही झालं नाही. मामू एका शब्दाने मालकांना उणं बोलला नाही, त्याने गुपचूप चाक बदललं. घरी आल्यावर मामंजी म्हणाले, तुला काय वजनं पाहिजेत ती घे बाबा.

सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटी तोड निघाली ती अशी: आडतीच्या मागच्या अंगणात पोत्यांचा मोठा काटा होता, त्याच्यापुढे सतरंजीचा पडदा बांधायचा. आम्ही एकेकीने पारड्यात बसायचं, आमच्या घरची रखमा दुसऱ्या पारड्यात मापं टाकून आकडा मोठ्याने सांगणार, आणि मामू पडद्यापलीकडे भिंतीकडे तोंड करून ऐकणार. ज्वारीच्या पोत्यांच्या जागी आपण बसायचं, या कल्पनेनेच मी शरमेने अर्धी झाले होते. पण बसल्यावर गंमत वाटायला लागली. सासूबाई दोन मणांच्या वर भरल्या, तेव्हा त्यांनी पाटल्या उतरवून पुन्हा तोलायला लावलं. मामू आकडे मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूने लिहायचा. बायकांची नावं घ्यायची नाहीत म्हणून सासूबाईंची नथ काढली होती, थोरल्या जाऊबाईंचं तुळशीचं पान आणि माझी बांगडी. त्या वर्षी दिवाळीला माझ्या बांगडीपुढे एक मण पंधरा शेर लिहिलं होतं. दिवाळी आणि रामनवमी, वर्षातून दोनदा हा सोहळा व्हायचा.

पुढच्या रामनवमीला रामाच्या दर्शनाला जांबेला जायचं होतं. मला तीन-चार महिने संध्याकाळचा बारीक ताप येई, खोकला येई. चोळ्या सैल झाल्या होत्या, त्या मी आतून टाचून घेतल्या होत्या. घरात कुणाला काही बोलले नव्हते. माझ्या माहेरी एका काकूंना असाच ताप यायचा. त्यांना त्यांच्या माहेरी पाठवलं, लेकरू सासरी ठेवून घेतलं, आणि वर्षाच्या आत घरात दुसरी आली. मी रात्रंदिवस माझ्या मुलीकडे बघायची आणि तोंड मिटून राहायची. तोलायच्या आदल्या दिवशी मी रखमाचे पाय धरले. दिवाळीचा आकडा होता तोच सांग, एवढंच मागितलं.

रखमाने तोच सांगितला. एक मण पंधरा शेर. 

"बाईसाहेब," मामू म्हणाला, "वैनीसाहेबांना पुन्हा तोला. आकडा तुम्ही स्वतः बघा."

अंगणात सगळ्या थिजल्या. ड्रायव्हर घरच्या सुनेला पुन्हा पारड्यात बसवायला सांगतो, आणि तेही सासूला. सासूबाईंचा आवाज चढला. तुला काय अधिकार, असं त्यांनी विचारलं.

"सहा महिन्यांत चाकाची हवा जागच्या जागी राहत न्हाई. माणूस कसं राहील? माप एका शेरानं बी हललं न्हाई तर मापच खोटं बोलून राह्यलं."

सासूबाई तरातरा उठल्या, बहुतेक त्याला खोटं पाडायलाच. त्यांनी स्वतः मापं टाकली. मी डोळे मिटून घेतले होते. मग माझ्या पाठीवर त्यांचा हात आला, टाचलेल्या चोळीवरून फिरला. "एक मण आठ," त्या म्हणाल्या. "अगं, सात शेर गेलीस कुठं तू?" मी तिथेच, त्या पारड्यात, हमसून हमसून रडले.

जांबेला कुणी गेलं नाही. क्षयच निघाला. पण मला माहेरी पाठवलं नाही, औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनांसाठी कितीतरी खेपा झाल्या, आणि दर खेपेला मामू मागच्या चाकांची हवा उतरवून घ्यायचा. गाडीत आम्ही दोघी-तिघीच आहोत, जास्ती हवेने वैनीसाहेबांना धक्के बसतील, म्हणायचा. मुलीला सासूबाईंनी सांभाळलं. एकदा वाटेत गाडी थांबली असताना मामू पाठमोराच बोलला, की त्याची बायको याच दुखण्याने गेली. तो फौजेत होता. "सुट्टीला आल्तो तवा वाटलं, जरा बारीक झाली. बोललो न्हाई काही," तो म्हणाला. मीही काही बोलले नाही, याची चुटपुट अजून आहे.

दीड वर्षाने दारावरच्या बांगडीपुढे एक मण सतरा शेर लागले. त्या दिवशी मामूने स्वतःच्या हाताने पेढे वाटले. पुढे दोन वर्षांनी त्याची नजर अधू झाली आणि तो लेकीकडे परभणीला गेला. मामंजींच्या पाया पडला, आम्हाला पडद्याबाहेरून सलाम केला. माप नव्या ड्रायव्हरसाठी गाडीतच ठेवून गेला. वर्षभराने त्याच्या मृत्यूची बातमी आली. घरातला तोलण्याचा सोहळा तो परभणीला गेला तेव्हाच बंद पडला होता.

नवा ड्रायव्हर तरुण होता. बातमी आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याने मला दारावरच्या नथी-बांगड्या दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी हवेचं सांगितलं. तो आधी मर्यादेने हसला, मग त्याला आवरेना.

"हवेसाठी कुणी माणसं तोलतं का, बाईसाहेब? डोकी मोजायची, झालं. पाच-सात शेरानं चाकाला काय कळतंय?"

मी त्याच्यावर रागवणार होते. मामूला तू शिकवणार का, असं तोंडाशी आलं होतं. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. हवा तो दर सकाळी बघायचा. वजनं मात्र सहा महिन्यांनी, ती चाकासाठी नव्हतीच. इतकी वर्षं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्या दाराला टेकले.

आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांचे हात सुपातच थांबले. मग सूप बाजूला सारून त्यांनी रखमाला हाक मारली आणि काटा लावायला सांगितलं, थोरलीला बोलव म्हणाल्या, पोरींनाही बोलव.

पडदा बांधायचा का, रखमाने विचारलं. पलीकडे आता होतंच कोण.

"बांध," सासूबाई म्हणाल्या. "आन् आकडा मोठ्यानं सांग."